अठरा वॅटचा धिंगाणा!

पंप म्हटलं की काय आठवतं? शेतातली मोटर, सोसायटीची टाकी आणि 'पाणी कोणी संपवलं?' ही राष्ट्रीय चर्चा! पण आज पंपाला उन्हाळी सुट्टी. परसदारी टब, टबात पंप, पंपावर कारंजं आणि कारंज्याखाली चड्डीवरची पोरं. लोकेशन: सुरत जिल्ह्यातलं बारडोली. चला, बटण दाबूया. थांबा, आधी हात पुसा!

कमी करून दाखवणारं गाव

माहीत आहे का? सरकारनं बारडोली तालुक्याचा शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला. 1928 मध्ये शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या मागे उभं राहून सारा भरायलाच नकार दिला. मग चौकशी बसली आणि वाढ आली थेट 6.03 टक्क्यांवर. वल्लभभाईंना 'सरदार' केलं ते याच लढ्यानं.

तोच बारडोली बाणा दुकानात दाखवायचा. दुकानदार म्हणेल, 'अर्धा एचपी घेऊन टाका.' तुम्ही उतरत उतरत 18 वॅटवर या. खेळायच्या पंपाचा नियम एका ओळीचा आहे: पंप जितका छोटा, मजा तितकी मोठी आणि धोका तितका कमी, फक्त व्होल्टही कमी हवेत. पटत नाही? पुढे वाचा.

पाणी खानदेशातून, पाहुणेही खानदेशातून

तापी निघते मध्य प्रदेशात मुलताईला. भुसावळजवळ हतनूर धरणात विसावते, खानदेश ओलांडते, 1972 साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात शिरते. तिथून काकरापारच्या बंधाऱ्यावर आणि कालव्यांतून बारडोलीच्या उसात! म्हणजे इथल्या उसाला जळगावकडचं पाणी लागतं.

आणि माहीत आहे का? बारडोली स्टेशन ज्या उधना-जळगाव लाइनवर आहे, तिच्यावरच नवापूर लागतं. या स्टेशनाच्या मधूनच राज्याची सीमा जाते. एक बाकडं तर असं, की त्यावर एक जण महाराष्ट्रात बसतो आणि शेजारचा गुजरातेत! मामाच्या गावाहून निघालेली पोरं सीमा ओलांडतात, ती अशी बसल्या बसल्या.

शेजारी जड पाणी, घरी हलकीफुलकी मजा

बारडोलीच्या पुढे, तापीकाठच्या काकरापारला देशाची पहिली स्वदेशी 700 मेगावॉटची अणुभट्टी आहे. तिथले अवाढव्य पंप भट्टीतून 'जड पाणी' फिरवतात. तुमच्या टबातलं पाणी साधंच ठेवा. तेही बादलीभर!

तुमच्याकडे एक पंप आधीच आहे

हृदय! दिवसाला सुमारे एक लाख ठोके आणि सात हजार लिटर रक्त. पॉवर? जेमतेम एक-दीड वॅट. सर्व्हिसिंग नाही, सुट्टी नाही, रविवार नाही. कमी वॅटमध्ये काय काय होतं, याचं याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही.

घोड्याची गंमत

एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. पण खरा घोडा जोशात आला की क्षणभर 15 हॉर्सपॉवरच्या आसपास जोर लावू शकतो. म्हणजे घोड्याला घोड्यापेक्षा जास्त मार्क!

आपला 18 वॅटचा पंप एका हॉर्सपॉवरचा एकेचाळिसावा हिस्सा. एका युनिट विजेत तो 55 तास चालतो. रोज दोन तास खेळलात तरी एक युनिट सत्तावीस दिवस पुरतं. बिल बघून घाम फुटणार नाही. फुटलाच, तर कारंजं आहेच.

डब्यावरचं लिहिलेलं वाचा!

पंपाच्या पोटावर एक चिकटपट्टी असते. वाचणारे कमी, फाडून खेळणारी पोरं जास्त. समजा त्यावर लिहिलंय: 12 व्होल्ट डीसी, 18 वॅट, क्यू मॅक्स 900 लिटर प्रतितास, एच मॅक्स 3 मीटर.

क्यू म्हणजे डिस्चार्ज, तासाला किती पाणी. एच म्हणजे हेड, किती उंच. आता ट्रिक बघा! हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. 900 लिटर मिळतं ते शून्य उंचीवर. तीन मीटरवर पाणी पोहोचतं आणि तिथेच थबकतं, बाहेर थेंबही नाही.

म्हणून फॉर्म्युला सोपा: कारंजं जेवढं उंच हवं, त्याच्या दुप्पट हेडचा पंप घ्या. पोरांच्या डोक्यावरून, म्हणजे दीड मीटरवरून पाणी पडायला हवं? तीन मीटर हेड झकास!

तेच पाणी, पंधरा फेऱ्या

उघडा पाइप सोडला तर मिनिटाला 15 लिटरच्या हिशेबानं तासात 900 लिटर पाणी गटारात. पंपही तासाला 900 लिटरच फेकतो, पण टबातलंच उचलून टबातच टाकतो. 60 लिटरचा टब असेल तर तेच पाणी तासात पंधरा वेळा वर जातं आणि खाली येतं. पोरांना कळतसुद्धा नाही. पाण्याला मात्र चक्कर येत असावी.

हत्ती विरुद्ध पंप

900 लिटर तासाला म्हणजे सेकंदाला पाव लिटर. हत्ती सोंडेनं सेकंदाला साधारण तीन लिटर ओढतो, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये मोजलं. म्हणजे एक हत्ती बरोबर आपले बारा पंप! पण हत्ती कुरिअरनं येत नाही.

वर बसून ओढू की खाली बसून ढकलू?

माहीत आहे का? पंप कितीही दणकट असो, वरून ओढून पाणी 10.3 मीटरपलीकडे चढतच नाही. कारण पाणी पंप ओढतच नसतो, बाहेरची हवा त्याला वर ढकलते. आणि हवेची ताकद तेवढीच! ही मर्यादा गॅलिलिओनं 1638 च्या पुस्तकात नोंदवली. तिच्यामागचं हवेचं कोडं त्याचा शिष्य टॉरिचेल्लीनं सोडवलं. प्रत्यक्षात सात-आठ मीटरवरच दम लागतो.

टबासाठी धडा काय? पाण्यात बुडवायचा पिटुकला सबमर्सिबल घ्या. तो ढकलतो, ओढायची कटकट नाही, हवा काढायची झंझट नाही. एकच अट: त्याला कोरडा चालवू नका. त्याचा कूलंटही पाणी, ग्रीसही पाणी. पाणी संपलं की साहेबांचा आवाज बदलतो आणि थोड्याच वेळात साहेब निवृत्त होतात!

गॅलिलिओ ते पिचकारी, व्हाया नासा

गुरू ग्रहाकडे गेलेल्या यानाचं नावही 'गॅलिलिओ'. त्यावर काम केलेले एक इंजिनिअर लॉनी जॉन्सन. 1982 मध्ये ते घरच्या बाथरूममध्ये फ्रिऑन वायूऐवजी पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाची तोटी तपासत होते. तोटीतून अशी सणसणीत धार सुटली की पठ्ठ्यानं पंप सोडून पिचकारीच बनवली! 1990 मध्ये ती 'पॉवर ड्रेंचर' नावानं बाजारात आली, पुढच्या वर्षी 'सुपर सोकर' झाली आणि एका वर्षात 20 कोटी डॉलरची विक्री करून गेली. रॉकेट सायन्स म्हणतात ते हेच!

बारडोलीत धुळेटीला आणि खानदेशात रंगपंचमीला जी पिचकारी उडते, तीही दांडा-दट्ट्याचा पंपच. बॅटरी नको, प्लग नको, शॉक नाही. चार वर्षांच्या पोरासाठी नंबर वन चॉइस!

230 ला 'जय श्रीकृष्ण', 12 ला 'या, बसा'

आता जरा हसू बाजूला ठेवा. दुकानात दोन पंप शेजारी शेजारी असतात. दोघंही मुठीएवढे, दोघंही काळे, दोघंही 18 वॅटचे. एक कूलरचा, घरच्या 230 व्होल्टवर चालणारा. दुसरा 12 व्होल्ट डीसीवर. फरक? पहिल्याची वायर उंदरानं कुरतडली तर टबातलं सगळं पाणीच जिवंत तारेसारखं होऊ शकतं.

म्हणून ठणकावून: पोरं पाण्यात असताना 230 व्होल्टचा पंप प्लगमध्ये नकोच. 'आयपी 68' लिहिलंय? छान! त्याचा अर्थ पंप बुडाला तरी पंपाला काही होत नाही, एवढाच. तुम्हाला काही होणार नाही, असं तो आकडा म्हणत नाही.

12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घरात, कोरड्या जागी, उंचावर. अंगणात जाईल ती फक्त 12 व्होल्टची वायर. त्याहून भारी म्हणजे 12 व्होल्टची बॅटरी: भिंतीशी नातंच नाही! अ‍ॅडॉप्टर मात्र बीआयएस नोंदणीचा घ्या. रस्त्यावरचा शंभर रुपयांत दोन वाला नको.

एमसीबी झोपतो, आरसीसीबी जागतो

'आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही.' आहे ना काळजी! 6 अँपिअरचा एमसीबी वायरिंग वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. माणसासाठी असतो आरसीसीबी. 30 मिलिअँपिअर वीज वाट चुकून अंगातून जमिनीत निघाली, की तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत लाइन तोडतो. 6 अँपिअर म्हणजे त्याच्या दोनशेपट!

आत्ता उठा आणि बोर्डाकडे जा. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. दाबा. खट्ट करून लाइट गेली? शाब्बास, तो जागा आहे. नाही गेली? इलेक्ट्रिशियनला फोन. महिन्यातून एकदा हा खेळ मोठ्यांनी खेळायचा. (टीव्हीवर मॅच चालू नाही ना, ते आधी बघा. नाहीतर घरातूनच शॉक बसेल.)

वायरला झोळ द्या

फुकटातली आयडिया! सॉकेटकडे जाणारी वायर ताठ ठेवू नका. सॉकेटच्या खाली येईल असा झोळ द्या. थेंब वायरवरून घरंगळत आला की झोळाच्या तळाशी टपकतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. खर्च शून्य, अक्कल शंभर.

पाण्यात बुडणाऱ्या वायरला काळ्या टेपचा जोड? अजिबात नाही. एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर? त्याहून नाही. पंप वायरला धरून बाहेर ओढणं? पोरांसमोर तर कधीच नाही, ती लगेच शिकतात.

आणि महावितरण दर उन्हाळ्यात कूलरबद्दल जे सांगतं, ते टबालाही लागू: आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्यात हात. क्रम बदलायचा नाही.

कायदा झाला, तो एका जाळीसाठी

माहीत आहे का? अमेरिकेत 2007 मध्ये पोहण्याच्या तलावांच्या तळाच्या जाळ्यांसाठी खास कायदा करावा लागला. कारण मोठा पंप तळाच्या भोकातून पाणी ओढतो, तेव्हा मूल तिथे चिकटून अडकू शकतं. केस गुंतले तर आणखी वाईट.

आपला पिटुकला तेवढा दांडगा नाही. तरी लांब केसांची वेणी बांधा आणि पंपाला छिद्रांच्या प्लास्टिक टोपलीत बसवा. टोपलीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळला की बोटं बाहेर, वाळूही बाहेर. एका दगडात दोन पक्षी!

सोलापूर + जालना = जग

आता कॉलर ताठ करा. जगात सर्वाधिक वापरला गेलेला हातपंप 'इंडिया मार्क टू'. त्याचे पूर्वज कोण? महाराष्ट्रातलेच, जालना पंप आणि सोलापूर पंप! 1970 च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारनं त्याला पक्कं रूप दिलं. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे पन्नास लाख पंप बसले होते. तुम्ही ज्याला हापसा म्हणता, तो इंटरनॅशनल सेलिब्रिटी निघाला!

परसात कमी खोलीवर पाणी असेल तर छोटा हातपंप हे खेळण्यांचं खेळणं. जर्मनीतल्या कित्येक बालोद्यानांत असे हातपंप मुद्दाम बसवलेले असतात. वीज नाही, म्हणून शॉक नाही. फक्त दांड्याच्या सांध्यात बोट सापडणार नाही ना, तेवढं पाहा.

27 तासांचा दिवस

दक्षिण आफ्रिकेत कोणीतरी डोकं लढवलं: पोरांचं गोल फिरणारं चक्रच पंपाला जोडायचं! पोरं खेळणार, पाणी टाकीत चढणार. नाव 'प्लेपंप'. 2000 मध्ये जागतिक बँकेचं बक्षीस मिळालं, 2006 मध्ये अमेरिकेत कोट्यवधी डॉलर्सच्या घोषणा झाल्या. मग 2009 मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन' दैनिकात कोणीतरी साधा गुणाकार मांडला. ठरवलेलं पाणी द्यायचं तर पोरांनी रोज 27 तास खेळायला हवं! पोरं तयार झाली असती म्हणा, घड्याळ तयार नव्हतं.

धडा: खेळायच्या पंपानं टाकी भरायची स्वप्नं पाहू नका. त्याला खेळू द्या.

प्लगशिवाय कारंजं? पेशव्यांना विचारा

शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं उडायचं, तेव्हा पुण्यात वीज नव्हती आणि पंपही नव्हता. कात्रजच्या तलावातलं पाणी नळांमधून उतारानं शहरात यायचं आणि त्याच जोरावर वर उसळायचं. पाण्याला उंची द्या, बाकीचं ते बघतं.

फ्रान्सच्या राजाला व्हर्सायमध्ये हे जमेना. सेन नदीतून पाणी चढवायला दोनशेहून जास्त पंपांचं यंत्र बसवलं, तरी सगळी कारंजी एकदम चालवण्याएवढं पाणी मिळेना. मग जुगाड! राजा जवळ आला की नोकर शिट्टी मारायचे आणि फक्त तिथलं कारंजं सुरू व्हायचं. तुम्हीही करा. पोरं टबापाशी असतील तेव्हा ऑन, खाऊ खायला पळाली की ऑफ.

तुमच्या गच्चीवरची टाकी म्हणजे तुमचं कात्रज. टाकीखालच्या नळाला पाइप, पाइपाच्या टोकाला शॉवर. झीरो वॅट!

बलूनवाल्याचा पंप

1783 मध्ये गरम हवेचा फुगा आकाशात सोडणारे माँगोल्फिए बंधू आठवतात? त्यांतल्या जोसेफनं 1796 मध्ये 'हायड्रॉलिक रॅम' बनवला. वाहतं पाणी अचानक अडवायचं आणि त्या धक्क्यानं त्यातलंच थोडं पाणी उंच चढवायचं. इंधन नाही, वीज नाही. हवा वर नेणारा माणूस पाणीही वर घेऊन गेला!

आधी नांगर, मग पंप

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला, तेव्हा शेतकरी घाबरले. लोखंडानं जमिनीत विष उतरेल म्हणे! पहिले नांगर खपता खपेनात. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे 1920 च्या दशकात तिथूनच देशी सेंट्रिफ्यूगल पंप बाहेर पडले. तुमच्या टबातला पिटुकलाही त्याच सेंट्रिफ्यूगल खानदानातला: आत चक्री फिरते, पाणी कडेला भिरकावलं जातं आणि तोंडातून बाहेर. बस्स, एवढंच!

रेकॉर्ड तोडायला जाऊ नका

जिनिव्हाचं 140 मीटर उंच कारंजं मुळात कारंजं नव्हतंच! 1886 मध्ये संध्याकाळी कारखाने बंद झाले की पाण्याचा दाब वाढायचा, तो सोडायला ठेवलेली ती वाट होती. लोकांना इतकी आवडली की 1891 मध्ये तिला तलावाकाठी मानाची जागा मिळाली. आज पाणी ताशी 200 किलोमीटरनं सुटतं.

सौदीतल्या जेद्दाचं कारंजं 260 मीटर. म्हणजे साडेतीन कुतुबमिनार! तेही समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं.

तुमच्या कारंज्यानं मात्र नम्र राहावं. बारीक तोटीतून सुटलेली जोरदार धार डोळ्याला इजा करते. तोटी रुंद, धार मऊ, नेम डोळ्यांखाली. गाडी धुवायचा प्रेशर वॉशर हे खेळणं नाही, कितीही हट्ट झाला तरी!

गुजरातेत ड्राय डे? रोजच!

पण टबाला ड्राय डे नसतो, तो आपण द्यायचा. डेंग्यूचा डास अंड्यातून निघून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि त्याची अंडी टबाच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. म्हणून रोज खेळ संपला की पाणी झाडांना, आणि आठवड्यातून एकदा टब काथ्यानं घासून उन्हात पालथा. बारडोलीच्या मेमधलं ऊन फुकट आहे, वापरा!

पाणी स्वच्छ नसलं तर पंप काय करू शकतो? 1854 मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्यानं थैमान घातलं. डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाकडे बोट दाखवलं आणि पंपाचा दांडाच काढून टाकला गेला. साथीच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला दांडा तो हाच.

रॅपिड फायर!

तीन वर्षांचं पोर? पाण्याचा मग आणि पिचकारी. सात वर्षांचं? 12 व्होल्टचा पंप. दहा वर्षांचं? पंप, पाइप आणि 'हेड म्हणजे काय' हे स्वतः शोधायची मुभा. बाबा? टब उचलायला.

टब केवढा? बसलेल्या पोराच्या कमरेखाली राहील एवढंच पाणी. आणि हे मात्र हसत वाचू नका: तान्ह्या-रांगत्या मुलाला बुडायला पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं, तेही आवाज न करता.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा पार्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही, बारडोलीत नाही की सुरतेत नाही. टबाशेजारी खुर्ची टाकून बसलेला एक मोठा माणूस! चार्जिंग नको, सर्व्हिसिंग नको, अधूनमधून चहा दिला की पुरे. त्याची वॉरंटी मात्र हातात मोबाइल आला की तत्काळ संपते!